सगळ्यांना अकराचीच वेळ

माझ्या भाडेकरणीचा नंबर अकरावा होता. मी अर्ध्या तासात, नुसतं बोलून, तो एक्केचाळिसावा केला. हा पराक्रम आमच्या गल्लीत अजून चवीनं सांगितला जातो, आणि बाकीचे तो चुकीचा सांगतात, म्हणून एकदा मीच सांगून टाकते.

भाडेकरीण सुदानची. आमचं घर विद्यापीठाच्या मागच्या अंगाला आहे आणि वरची खोली आम्ही शिकणाऱ्या मुलींना देतो. ही आली तेव्हा हातात दोन बॅगा होत्या आणि तोंडात अरबी नि इंग्रजी. चार वर्षांत तिनं औषधांच्या रसायनशास्त्रातली पीएचडी जवळजवळ संपवली, रिक्षावाल्यांकडून हिंदी उचललं आणि माझ्याकडून मराठी. माझ्याकडून म्हणजे मी ज्या गोष्टींवरून ओरडते तेवढंच मराठी. "नळ बंद करा", "गच्चीचं दार उघडं कुणी ठेवलं", "जेवलीस का" एवढ्या भांडवलावर ती कुठलंही संभाषण तारून नेते.

तिची आई कैरोत, मुलाकडं राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून पांढरा झालेला. एका मोफत शिबिरात तिच्या ऑपरेशनला शनिवार मिळाला होता. तो चुकला तर पुढचं शिबिर कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ही बाई हट्टाला पेटलेली: मुलगी समोर उभी असल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही. आधी एकदा दवाखान्याच्या पायऱ्या चढून, मुलाच्या हाताला हिसडा देऊन, तशीच खाली उतरली होती. फोनवर आम्ही एकमेकींचा नुसता आवाज ऐकला होता, पण न भेटताच मला तिच्याबद्दल आदर वाटायला लागला होता.

तर मुलीला गुरुवारी सकाळी मुंबईहून विमान धरायचं होतं. जायला तिला कुणी अडवत नव्हतं. तिच्या व्हिसावर एकदाच आत येता येत होतं, त्यामुळं अडचण परत यायची होती. तिची तोंडी परीक्षा बाकी होती, आणि परत येण्याची परवानगी हातात नसेल तर चार वर्षांच्या पीएचडीला कैरोतूनच रामराम. ही परवानगी शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात मिळते. मुलगी माझ्याच घरात राहते असं घरमालकिणीनं तिथं समक्ष येऊन लिहून द्यायचं असतं. असा माझा या कथेत प्रवेश झाला. नाटकात मला कायम असेच प्रवेश मिळत आलेत. पहिल्या अंकात पाण्याचा तांब्या आणून द्यायचा. मी तो देते आणि तिसऱ्या अंकापर्यंत स्टेज सोडत नाही.

त्या कार्यालयात जायला आधी वेळ घ्यावी लागायची. साइटवर फॉर्म भरायचा, मग मोबाइलवर तारीख आणि वेळ येणार. आम्हाला सोमवार, सकाळी अकरा अशी वेळ आली. मी खूश झाले. सरकारनं वेळ दिलीय म्हणजे मान दिलाय. ठेवणीतलं इरकल काढून ठेवलं.

मुलगी म्हणाली, "काकू, सात वाजता निघू."

"अगं, अकराची वेळ आहे ना?"

"काकू, सगळ्यांना अकराचीच वेळ आहे."

मला वाटलं, हिचं मराठी कच्चं आहे. पण तसंच होतं. साइट बनवणाऱ्यानं तारीख बदलायची सोय ठेवली होती, वेळ बदलायची ठेवलीच नव्हती. येमेनी, सुदानी, इराकी विद्यार्थी, दोन थाई भिक्खू, एमआयडीसीतल्या कंपन्यांचे कोरियन इंजिनिअर, अशी चाळीस-पंचेचाळीस माणसं, आणि झाडून सगळ्यांच्या मोबाइलवर सोमवार, अकरा. आतल्या खिडकीवर दिवसाला कामं व्हायची पंधरा. एक वाजला की खिडकी बंद. उरलेल्यांनी घरी जायचं, पुन्हा फॉर्म भरायचा आणि पुन्हा कुठल्या तरी दिवशीचे अकरा घ्यायचे.

लोकांनी यावर आपला बंदोबस्त केला होता. कंपाउंडच्या बुटक्या भिंतीवर फायली ओळीनं मांडायच्या आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक दगड. माणूस चहाला जाईल, नमाजाला जाईल, फाईल रांगेतच. मला हे दृश्य फार आवडलं. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून आलेली माणसं आमच्या शहरात येऊन दगडाखाली नंबर लावायला शिकली होती. आम्ही सव्वासातला पोचलो आणि आमचा दगड अकरावा लागला. म्हणजे पंधरात होतो. काम झाल्यात जमा होतं. मला फक्त दुपारपर्यंत तोंड मिटून बसायचं होतं.

साडेदहाला भांडण लागलं. दोन भिक्खूंपैकी जे वयस्कर होते त्यांचा व्हिसा त्याच दिवशी संपत होता, पण अजिंठ्याहून येणारी त्यांची बस वाटेत बंद पडली होती आणि त्यांचा दगड पार अडतिसावा होता. ते स्वतः शांत उभे होते, मंद हसत. त्यांच्या वतीनं एक येमेनी विद्यार्थी भांडत होता, अस्सल आपल्या शहराच्या हिंदीत.

"अरे भाई, इनका आज खतम होरा! आज! तुम्हारा अगले साल तक का है, तुमकू कायकी जल्दी?"

पहिल्या दगडाचा मालक, एक इराकी विद्यार्थी, छाती काढून म्हणाला, "मैं फजर की नमाज पढ़के सीधा इधर आया. ये सोके आए."

"सोके? इनकी बस सो गई थी, ये नहीं!"

आवाज ऐकून खिडकीतल्या मॅडम बाहेर आल्या. पस्तिशीच्या असतील. डोळ्यांखाली काळं, हातात अर्धा प्यालेला चहा.

"काय लावलंय हे? दिवसाला पंधराच होतात माझ्याच्यानं. त्यात आधी कोण न् नंतर कोण, हे मी कुठवर बघू? साइट वरून येते, ती काय मी बनवली नाय." आणि मग त्यांनी सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली. मला ती माझ्यावरच थांबल्यासारखी वाटली. "कुणाकडं काही अक्कल असंल तर सांगा बाबांनो."

आता असं जाहीर आमंत्रण आल्यावर मी काय करणार? मी पदर खोचला आणि उभी राहिले. मुलीनं माझ्या इरकलाचं टोक धरून खाली ओढलं. मी ते सोडवून घेतलं.

मी त्यांना आमच्या गल्लीचा टँकर सांगितला. आमच्याकडं नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं आणि उन्हाळ्यात तेही लाजतं, मग टँकर. पूर्वी जो पाइप आधी ओढेल त्याचं पाणी, आणि त्या पाइपांवरून लोकांची डोकी फुटायची. शेवटी आमच्या समोरच्या वहिनींनी एक पद्धत घालून दिली. टँकर यायच्या आधी दोघी जणी प्रत्येक घराच्या गच्चीवर जातात, टाकीचं झाकण उचलतात आणि आत काठी बुडवून बघतात. काठी जेवढी ओली तेवढं पाणी. ज्याच्या टाकीत काठी सगळ्यात कोरडी निघेल त्याला पहिला पाइप. तू कधी आलास, कुणाचा कोण लागतोस, काही चालत नाही. आणि नंबर एकमेकांना द्यायचा नाही. कारण त्यातून ओळखी सुरू होतात, आणि ओळखी सुरू झाल्या की काठीला कोण विचारतं?

हे मी हातवाऱ्यांसकट सांगितलं. झाकण उचलून दाखवलं, काठी बुडवून दाखवली. येमेनी विद्यार्थी माझं वाक्य संपायच्या आत अरबी करत होता, धाकटे भिक्खू थाई करत होते. एकाच वेळी तीन भाषांत चाललेलं भाषण मला गणपतीच्या मंडपातसुद्धा लाभलं नव्हतं.

"इथं टाकी म्हणजे व्हिसा!" मी शेवटचा हात उंचावला. "ज्याची तारीख आधी संपते तो आधी. उचला झाकणं, दाखवा तारखा!"

"हे तर सरळ आहे की," मॅडम म्हणाल्या.

मग काय विचारता. दगड बाजूला झाले, फायली उघडल्या, मॅडमनी एका कागदावर दोन रकाने आखले, नाव आणि तारीख. वयस्कर भिक्खू अडतिसाव्यावरून पहिले झाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेल्यांनी पुन्हा फॉर्म भरायची गरज नाही, हीच यादी उद्या पुढं चालेल, असंही ठरलं. कागद वर साहेबांकडं गेला आणि पंधरा मिनिटांत सही होऊन खाली आला: असंच चालू ठेवा. सरकारी कागद एवढ्या वेगानं जिना उतरताना मी पहिल्यांदाच पाहिला. इराकी विद्यार्थ्यानंसुद्धा मान हलवली. मी कृतार्थ होऊन खाली बसले.

मुलगी यादी वाचून परत आली.

"काकू."

"काय गं?"

"माझा व्हिसा अजून सात महिने आहे."

"बरं मग? चांगलंच आहे की."

"मग मी एक्केचाळीस."

मी उठून खिडकीकडं धावले. "मॅडम, ही माझी मुलगीच समजा, हिचं विमान गुरुवारी आहे, आईचं ऑपरेशन..."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "काकू, आत्ता तुम्हीच काय म्हणालात? ओळखी सुरू झाल्या की?"

"काठीला कोण विचारतं," मी हळूच म्हणाले.

"साहेबांची सही झालीय आता. तुमचाच नियम आहे. लई झ्याक नियम आहे."

घरी आल्यावर मी तिला समजावायला लागले, की उद्या यादी पुढं सरकेल, पंधरा जण कमी झालेत, तर ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "काकू, नळ बंद करा."

"कुठला?"

तिनं माझ्या तोंडाकडं बोट दाखवलं आणि वर निघून गेली.

मंगळवारी यादी पुढं सरकली, आम्ही मागं. कारण मंगळवारच्या अकराची नवी माणसं यादीत मिसळली आणि त्यांतल्या बहुतेकांच्या तारखा आमच्याहून जवळच्या निघाल्या. एक्केचाळीसवरून आम्ही सत्तेचाळीसवर गेलो. बुधवारी सकाळी त्रेपन्न. रांगेत उलटं चालणारं आमच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी कैरोहून भावाचा फोन आला. आई विचारतेय, मुलगी निघाली का? डोळ्यांत घालायचे थेंब बाटलीत तसेच आहेत, ती घालून घेत नाही, मुलगी निघाल्यावरच घालणार. मुलगी फोनवर अरबीत खूप काही बोलली. मला त्यातलं "काकू" तेवढं समजलं, आणि ते दोनदा आलं.

बुधवार हा शेवटचा दिवस. त्या दिवशी शिक्का नाही तर विमान नाही, किंवा विमान आहे पण पीएचडी नाही. मी रात्रभर विचार करून एकच उपाय काढला होता. आमच्या गल्लीत नियम मोडायचाच झाला तर ज्याला गरज आहे त्यानं घरोघर जाऊन विचारायचं असतं. सगळे हो म्हणाले तर चालतं. एक जरी नाही म्हणाला तर गप घरी जायचं. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी तुमच्यादेखत हो म्हटलं तर मी साहेबांकडं शब्द टाकीन. पण सगळ्यांनी."

आमच्या पुढं बावन्न माणसं होती. नऊला आम्ही सुरुवात केली. मुलगी अरबीत विचारायची, मी हिंदीत, आणि बाकीच्यांना हातवाऱ्यांनी. डोळा, पट्टी, आई, विमान. विमान करताना माझा हात एका इराकी बाईंच्या चष्म्याला लागला, तरी त्या हो म्हणाल्या. येमेनी विद्यार्थ्याचा मित्र आमच्या पुढं होता, तो म्हणाला, "खाला, इसमें पूछना क्या?" नऊ सोडून सगळे हो म्हणाले. नऊ म्हणजे नववा नंबर. कंपनीचा इस्त्रीचा शर्ट घातलेले, पन्नाशीचे कोरियन इंजिनिअर.

"नहीं," ते म्हणाले.

"सर, मां की आँख का ऑपरेशन है," येमेनी विद्यार्थ्याचा मित्र म्हणाला.

"आँख अच्छा होना चाहिए. रूल भी अच्छा होना चाहिए. आज इनको लिया, कल किसको?"

मी पिशवीतून सीताफळ काढलं. दौलताबादचं, पाडाला आलेलं, आदल्या दिवशी मुलीचा राग घालवायला आणलेलं. मुलीनं त्याला हात लावला नव्हता. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वाकून आभार मानले, सगळं खाल्लं, एकेक बी रुमालात नीट गोळा केली, रुमालाची घडी घातली आणि म्हणाले, "नहीं."

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. तिच्याकडं बघवत नव्हतं. इंजिनिअर साहेब तिच्याकडं बघून माझ्याकडं वळले.

"लिस्ट गलत है," ते म्हणाले.

"काय गलत? साहेबांची सही आहे."

"आपका पानी का टंकी. एक घर में दो आदमी. दूसरे घर में मेहमान, बीस आदमी. दोनों टंकी आधा-आधा. पहले किसका खतम?"

"पाहुण्यांच्या घरचं," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता कपाळाला हात लावला. आम्ही दोन उन्हाळे लोकांच्या टाक्यांत काठ्या बुडवत हिंडलो, पण त्या घरात माणसं किती आहेत हे कधी मोजलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या घरात तेरा माणसं आहेत. तरीच तिथली वहिनी माझ्याशी बोलत नाही.

"तारीख देखा," ते म्हणाले. "कब चाहिए, वो नहीं देखा. मैंने सोमवार को ही सोचा था."

"अहो, मग सोमवारीच का नाही बोललात?"

"किसी ने मुझे पूछा नहीं."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मला राग धरता येईना. जगात अशीही माणसं असतात.

त्यांनी खिशातून पेन काढलं, गुडघ्यावर कागद ठेवला आणि तिसरा रकाना आखला. कागद कधीपर्यंत हवा? व्हिसा आधी संपत असेल तर ती तारीख, प्रवास आधी असेल तर ती, आणि प्रवासाचं तिकीट दाखवायचं. सगळी यादी त्यावरून लावायची. मग त्यांनी मोबाइलवर आलेल्या वेळेवर बोट ठेवलं. "और ये? ग्यारह, ग्यारह, ग्यारह. क्यों?" पहिल्या पाच जणांना अकरा, पुढच्या पाचांना अकरा चाळीस, त्यापुढच्यांना बारा वीस. सोळाव्यापासून पुढच्यांना कोणता दिवस ते आत्ताच सांगायचं, म्हणजे ते दगड ठेवायला येणार नाहीत.

मॅडमनी कागद उलटसुलट करून पाहिला. "ह्याच्यात कुणाची मेहेरबानी पण नाय की," त्या म्हणाल्या. "हे माझ्या डोक्यात का नाय आलं?"

"माझ्यामुळं," मी म्हणाले. "मध्ये मी बोलत होते ना."

कागद वर गेला. या वेळी पंचवीस मिनिटं लागली आणि तेवढ्या वेळात माझ्या बांगड्या मी एका हातातून दुसऱ्या हातात तीनदा घातल्या. खाली आला तेव्हा सही होती. तिकिटं दाखवायला एकच गर्दी झाली, नवी यादी लागली, आणि आमची मुलगी त्रेपन्नवरून चौथी झाली.

इंजिनिअर साहेबांनी वाकून आपला नंबर शोधला. त्यांच्या व्हिसाला अजून चार दिवस होते आणि प्रवास कुठलाच नव्हता. नववे होते ते आता एकविसावे झाले. म्हणजे त्यांचं काम त्या दिवशी होणार नव्हतं. मी तोंड उघडलं, मुलीनं माझा दंड दाबला, मी तोंड मिटलं.

त्यांनी बॅग उचलली. "कल आऊँगा," ते समाधानानं म्हणाले. "ग्यारह चालीस." आणि खरंच निघून गेले, रुमालातल्या बिया तेवढ्या गेटजवळच्या कचराकुंडीत टाकून.

अकराला पाच मिनिटं असताना आम्हाला आत बोलावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी वेळेच्या आधी खुर्चीवर बसले. मॅडमनी माझ्याकडून लिहून घेतलं.

"चार वर्षं राहते तुमच्याकडं?"

"हो."

"काही तक्रार, त्रास?"

"मला की तिला?"

मॅडम हसल्या नाहीत. मुलगी मात्र सोमवारनंतर पहिल्यांदा हसली. शिक्का बसला. संध्याकाळच्या गाडीनं ती मुंबईला गेली. जाताना पाया पडली आणि म्हणाली, "काकू, गच्चीचं दार बंद ठेवा," आणि मी रडले, कारण त्याखेरीज तिला निरोपाचं मराठी येत नव्हतं आणि तो दोष माझाच होता.

शनिवारी ती टेबलासमोर उभी राहिली आणि तिची आई निमूटपणे झोपली. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं नंतर. रविवारी दुपारी मी भांडी लावत होते तेव्हा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर एका दवाखान्याची खिडकी, मग मुलीचं कपाळ, मग तिच्या आईचा चेहरा. पट्टी नुकतीच निघाली होती. डोळा लाल होता, पाणी गळत होतं. बाईंनी फोन नाकाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला आणि माझ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मी पदर सारखा केला, हात जोडले, जमेल तेवढं हसले.

मग त्या अरबीत लांबलचक काहीतरी बोलल्या. मुलगी फोनच्या पलीकडं हसत सुटली.

"काय म्हणाल्या गं?"

"काही नाही काकू. आई खूश आहे."

"एवढं मोठं बोलल्या आणि काही नाही? नीट सांग."

"काकू, नको."

"सांग म्हणते ना."

"आई म्हणते, आवाजावरून तुम्ही तरुण वाटत होता. एवढ्या म्हाताऱ्या असाल असं वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, "डॉक्टरांना सांग, ऑपरेशन फार चांगलं झालंय."